सहाशे चाळीस मीटरची दुरुस्ती

बुधवारी संध्याकाळी सहा वाजता बायको तळ्याच्या मधोमध होती. निदान कॉम्प्युटरच्या पडद्यावर तरी. प्रत्यक्षात ती स्वयंपाकघरात काकडी चिरत होती.

"अगं, जरा हॉलमध्ये ये."

ती आली. लाल ठिपका तळ्यातल्या तळ्यात थोडा सरकला.

"आता परत जा."

"अहो, काकडी चिरू की कवायत करू?"

गृहस्थांनी चौतीस वर्षं नकाशा कार्यालयात आरेखक म्हणून काढली होती. शहराचा वीस वर्षांपूर्वीचा नकाशा, इंटरनेटशिवाय चालणारा, त्यांच्या कॉम्प्युटरवर होता आणि दुसऱ्या कुठल्याही नकाशावर त्यांचा विश्वास नव्हता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको रोज सकाळी दवाखान्यात व्यायामाला एकटीच जाणार म्हटल्यावर त्यांनी अट घातली: ती कुठे आहे, ते या नकाशावर दिसलं पाहिजे.

"बाबा, तुमच्या नकाशाला बाहेरचं काही कळत नाही," मुलगी फोनवर म्हणाली. पण तिनेच एक छोटा प्रोग्राम लिहून पाठवला. आईचा फोन दर दहा सेकंदांनी आपली जागा कळवायचा, हा प्रोग्राम ती जागा नकाशाला पुरवायचा आणि ठिपका चालायला लागायचा.

दोन आठवडे ठिपका शिस्तीत वागला. या बुधवारी सकाळी मात्र तो दवाखाना ओलांडून पूर्वेच्या मोकळ्या मैदानात जाऊन थांबला. त्यांनी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"दवाखान्याच्या दारात. का हो?"

"काही नाही."

कार्यालयात नियम होता: नकाशा आणि जागेवरचा माणूस यांचं जुळलं नाही, तर माणसाचं खरं धरायचं. त्यांनी अख्खा नकाशा सहाशे चाळीस मीटर सरकवला, ठिपका दवाखान्याच्या दारात आणला आणि दुरुस्तीची वहीत नोंद केली. बायको घरी आली ती थेट तळ्यात.

पुढचे दोन दिवस त्यांनी वायरी तपासल्या, कॉम्प्युटर चार वेळा बंद-चालू केला, मुलीला सहा फोन केले.

"नकाशा म्हातारा झाला असेल," बायको म्हणाली.

हे त्यांना लागलं. शुक्रवारी जेवताना त्यांच्या लक्षात आलं, की आपण सगळं तपासलं. बायकोचा शब्द तेवढा तपासला नाही.

शनिवारी ते स्वतः मैदानावर गेले. कुंपणावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी होती. आत एक छोटी गाडी पिंपांमधून मागे येत होती. डावीकडचं पिंप आडवं झालं. गाडीतून बायको उतरली, तिने पिंप उभं केलं आणि पुन्हा आत बसली.

"नाव नोंदवायचंय का, काका?" शिकवणाऱ्याने विचारलं.

"नाही. बघतोय. या बाई..."

"बुधवारपासून येतात. पुढं झकास नेतात, मागं घेताना डावीकडचं पिंप ठरलेलं. महिन्याभरात लायसन्स पाहिजे म्हणतात. मुलीचं बाळंतपण आहे, तिच्या गावाला बस जात नाही. घरात गाडी उभीच आहे, पण नवऱ्याला दिसत नाही."

"अगदीच दिसत नाही असं नाही," ते म्हणाले.

डोळ्यांमुळे त्यांना लायसन्स पुन्हा मिळालं नव्हतं, त्याला वर्ष झालं होतं. बायको "मी शिकते" म्हणाली होती, तेव्हा "या वयात?" एवढंच विचारून त्यांनी पेपर उघडला होता.

बायको त्यांना पाहण्याआधी ते घरी परतले. नकाशा सहाशे चाळीस मीटर मागे नेला. बायको आली ती तळ्यात न जाता घरात आली.

सोमवारी सकाळी ठिपका दवाखान्यावरून पुढे गेला आणि मैदानात थांबला. त्यांनी फोन लावला.

"कुठे आहेस?"

"दवाखान्याच्या दारात."

"बरं. मागे घेताना डावीकडच्या पिंपाकडे लक्ष ठेव."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. ठिपका हळूहळू मागे सरकू लागला.

त्यांनी चष्मा पुसून पडद्याला नाक लावलं. ठिपक्याच्या वाटेची रेष सरळ होती. पिंप पडलं की नाही, ते मात्र नकाशावर दिसत नव्हतं.