ना पाव्हणे, ना गावातले

दार वाजलं की आमचे वडील आतूनच ओरडत, "कोण?"

बाहेरून आवाज येई, "कोणी न्हाई."

"मग दार कोण वाजवून राहिलं?"

"मीच. पर तसं कोणी न्हाई."

हे आमचे शेजारी, जावईबुवा. सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून सिद्धेश्वर धरणाकडच्या गावातून आमच्या हट्टा गावात घरजावई आले आणि इथलेच झाले, असं गाव म्हणे. त्यांना स्वतःला मात्र ते कधी पटलं नाही.

लग्नकार्यात वाढायला सगळ्यांत पुढे. बुंदीची परात खांद्यावर घेऊन असे धावत, की आचारीही बाजूला सरे. जेवायला बसा म्हटलं की म्हणत, "आधी पाव्हणे होऊ द्या, आमी गावातले." पाहुणे उठून गावकरी बसले, की म्हणत, "आधी गावातले होऊ द्या, आमी पाव्हणे." शेवटी परातीला लागलेला चुरा तोंडात टाकून घरी. वसमतच्या जीपमध्ये जागा रिकामी असली तरी मागं लटकत. "बसा की," म्हटलं तर, "कोणी आलं तर? त्याला तकलीफ काहून द्यायची?" यायचं कोणीच नसे. गाव हसे, मीही हसे.

त्यांची बायको गयाआत्या होती तोवर ती त्यांना दंडाला धरून पंगतीत बसवायची. पोटी लेकरू नव्हतं. ती गेली आणि हा माणूस स्वतःच्या घरातही अंग चोरून वावरू लागला. एकटा असतानासुद्धा खोकला आला की उठून अंगणात जाई. ते बघून मात्र मला हसू येईना.

धोंड्याचा महिना, म्हणजे अधिक महिना, त्यांना सगळ्यांत जड. गावोगावचे जावई नव्या टोप्या घालून पुरणाचे धोंडे खायला हट्ट्यात येत, आणि हट्ट्यातला हा जावई महिनाभर धरणाकडं निघून जाई.

नव्वद सालानंतरच्या अशाच एका धोंड्यात ते निघायच्या आत आईनं मला बोलवायला धाडलं. ते पिशवी भरत होते.

"कोणाचा जावई म्हणून बसू?" ते म्हणाले. "गयाच न्हाई. बाई गेली, नातं गेलं."

तेवढ्यात मागून आईच आली. "गावच्या नात्यानं गया माझी नणंद. नणंदेचा नवरा जेवल्याबिगर माझ्या घरात कोणी धोंड्याला हात लावणार न्हाई. चला, दाजी."

ते आले. पाटावर बसले. आईनं टिळा लावला, ताट वाढलं आणि रीतीप्रमाणं अडवलं, "नाव घ्या, मग जेवा."

आईचा मला रागच आला. गेलेल्या बायकोचं नाव घ्यायला सांगतात का कुठं?

जावईबुवा हळूच म्हणाले, "उखाणा पाठ हाये. लग्नाच्या टायमाला केला व्हता. घाईत कोणी इचारलंच न्हाई."

आणि खाली मान घालून त्यांनी तो म्हटला:

"हट्ट्याच्या शिवारात हळदीचा रंग,
मारोती नांदंल आता गयाच्या संग."

त्यांचं नाव मारोती, हे मला त्या दुपारी कळलं. आईनं डोळ्यांना पदर लावला. म्हणाली, "ऐकू न्हाई आलं, दाजी. परत घ्या."

त्यांनी परत घेतलं, पार गल्लीत ऐकू जाईल असं.