आपल्याकडचा पक्षी

योकोहामातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे बापटकाका अमेरिकेत कधीही गेलेले नाहीत. पण मिशिगनमधला कुठलाही पक्षी ते नुसत्या शेपटीवरून ओळखतात. आणि स्वतःच्या गॅलरीच्या कठड्यावर रोज येऊन बसणाऱ्या पक्ष्याचं नाव विचारलं, तर हात झटकून म्हणतात, "तो आपल्याकडचा नाही."

आपल्याकडे म्हणजे मिशिगनमध्ये! काका मूळचे पुण्याचे आणि पस्तीस वर्षं जपानात. हे 'आपल्याकडे' त्यांनी कुठल्या नकाशावरून काढलं, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

नोकरीभर त्यांनी कारखान्यात मोटारींचे सुटे भाग तपासले. निवृत्त झाल्यावर तीच नजर पक्ष्यांकडे वळली. "आधी आकार बघायचा, मग चाल, मग जागा. रंग सगळ्यात शेवटी. रंग फसवतो!" हे मला लिफ्टमध्ये, स्टेशनच्या वाटेवर आणि कचरा वेगळा करतानासुद्धा ऐकावं लागतं. माणसंही ते याच क्रमाने ओळखतात. माझी नोंद त्यांनी तोंडावर ऐकवली: "मध्यम आकार, पोट सुटलेलं, चाल मंद. कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, हमखास दिसतो, तळलेल्या पदार्थांच्या काचेपाशी." रंगापर्यंत ते गेले नाहीत, एवढेच उपकार.

शेजारच्या बागेत दर रविवारी पक्षी बघणाऱ्यांची फेरी निघते. तिचे प्रमुख तानाका-सान एकदा काकांना आग्रहाने घेऊन गेले. फांदीवरच्या इवल्याशा हिरव्या पक्ष्याकडे सगळे श्वास रोखून बघत होते. काकांनी आपलं जाडजूड अमेरिकन पुस्तक मागेपुढे चाळलं आणि "पुस्तकात नाही" असं जाहीर केलं. तानाका-सान यांनी त्या पक्ष्याच्या वतीने कमरेतून वाकून माफी मागितली.

मला शिकवायचा त्यांना भारी उत्साह. "सुतारपक्षी खोडावर वर चढतो. नटहॅच डोकं खाली करून उतरतो. असा!" म्हणत अडुसष्ट वर्षांचे काका कठडा धरून, डोकं पुढे काढून जिना उतरायला लागले. खालून येणाऱ्या जपानी आजी भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. नटहॅच मात्र माझ्या कायमच लक्षात राहिला.

गेल्या महिन्यात एका सकाळी बायकोने दिलेले पोहे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. काका फोनवर होते. पलीकडे मिशिगनमध्ये राहणारी त्यांची आठ वर्षांची नात, ईरा. तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. तिने पाठवलेला फोटो काकांनी मला दाखवला. राखाडी पाठ, काळी टोपी, आणि डोकं खाली करून खोडावरून उतरणारा! मीसुद्धा झोपेत ओळखला असता.

"अवघड आहे गं ईरा," काका कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "पाय नीट दिसत नाहीत. विचार करून उद्या सांगतो हं."

"अहो काका, हा तर नट..."

काकांनी फोनवर हात ठेवून असे डोळे वटारले की उरलेलं नाव मी गिळलं.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ पोहे नुसते चिवडत बसले. मग म्हणाले, "आधी मी लगेच नाव सांगायचो. ती 'थँक यू आजोबा' म्हणायची आणि फोन बंद. मुलीचा फोन 'बाबा, गोळ्या घेतल्या का' एवढ्यावर संपतो. तुझी काकू गेल्यापासून या घरात सकाळी दुसरा आवाज नाही रे. पक्षी ओळखला, की बोलणं संपतं."

मी उठून चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. ईराने त्याच फोटोतले नुसते पाय कापून पाठवले होते आणि सोबत तिचा आवाज: "हे पाय. चोच उद्या. शेपटी परवा. नो घाई, आजोबा!"

काकांनी ते तीनदा ऐकलं. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "पोरगी आपल्याकडची आहे."