न पेटलेला पलंग

बायकोचा, चतुराबाईचा दहावा झाला आणि रामकिसनने तिचा पलंग जाळायला अंगणात काढला. खरं तर पलंग त्याचाच. दुखण्यात तिला खाली निजवेना म्हणून त्याने तो तिला दिला, आणि त्याच्यावरच ती गेली. आता पलंगाकडे नजर गेली की त्याला तिची खोकल्याची उबळ ऐकू येई. ती गेल्यापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पलंग गेला तर निदान झोप तरी येईल, एवढीच बिचाऱ्याची आशा होती.

धाकटा भाऊ सुग्रीवने खाली तुराट्या घालून काडी लावली. तुराट्या भडभडा जळाल्या. पलंग नुसता काळा पडला.

"वला हाय का काय, दादा?"

"लग्नातलं सागवान हाय. वलं कावून राहील?"

मग सुग्रीवने मोटारसायकलमधलं पेट्रोल बाटलीत काढून आणलं आणि ओतलं. जाळ माणसाएवढा उठला, पेट्रोल संपलं तसा बसला. एक कोपरा तेवढा कोळशासारखा झाला. एव्हाना गल्ली गोळा झाली होती.

"वहिनीचा जीव अडकलाय," सुग्रीवने निदान केलं. "तिचं काय राह्यलंय ते कबूल कर."

रामकिसनने पलंगापुढे हात जोडले. "तुझ्या भावाशी बोलंन. आपल्या लेकीला, अंजलीला दिवाळीला साडी धाडीन. तुझी शेळी इकणार न्हाई." दर कबुलीला सुग्रीव काडी ओढी, पलंग ढिम्म. 'बिडी सोडतो' एवढं मात्र रामकिसनच्या तोंडून निघेना. जित्या बायकोला त्याने हे वचन हजारदा दिलं होतं. मेलेल्या माणसाला फसवायचा त्याला धीर होईना.

तेवढ्यात आष्टी गावातल्या लग्नाचं काम उरकून शेजारचा भारत मंडपवाला आला. प्रकार ऐकून तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आबा, त्यो असा पेटायचा न्हाई. आमी स्टेजच्या लाकडाला मारतो ते औषध हाय त्याला. लाकूड वरून काळं पडतं, पण जाळ धरीत न्हाई. मागल्या दिवाळीला काकूनं माझ्याकडून नेलतं."

"ते ढेकणाचं होतं!"

"मग ढेकूण मेले का?"

ढेकूण मेले नव्हते.

"तुमी पेटती बिडी घेऊन झोपता. दोनदा गादी करपली. काकू म्हणली, 'म्हाताऱ्याला सांगू नको, भारत. भ्याव गेलं तर मोकाट सुटंल, निजल्या निजल्या बंडल संपवंल.'"

दहाव्यालाही न रडलेला रामकिसन पलंगाच्या कोमट कडेवर मटकन बसला आणि सगळ्या गल्लीसमोर हुंदके देऊन रडला. सुग्रीवने काडीपेटी खिशात घातली.

पलंग परत घरात आला. दिवेलागणीला रामकिसन त्यावर आडवा झाला, सवयीने बिडी तोंडात धरली आणि थांबला. "अवो, वढायची तर भायेर जाऊन वढा," हे आता ऐकू येईल म्हणून त्याने वाट पाहिली. जन्मभर त्याने या बोलण्याकडे पाठ करून काडी ओढली होती. आज कुणीच बोललं नाही.

रामकिसन उठला, अंधारात चपला चाचपल्या आणि बिडी ओढायला बाहेर गेला.