गुलाबरावांचं इन्स्पेक्शन

टक्.

दुपारच्या शांततेत आतल्या खोलीतून हा आवाज आला की जयपूरच्या रेल्वे कॉलनीतल्या त्या क्वार्टरमध्ये दोन माणसं एकदम हलायची. पाच वर्षांची अबोली खेळ टाकून "आबाजी" म्हणत आत पळायची, आणि तिची आई गौतमी हातातलं लाटणं तसंच धरून मनातल्या मनात म्हणायची, आहेत. पेल्यावर बोटाच्या पेराने मारलेली ती टक् म्हणजे गौतमीचे सासरे गुलाबराव जागे झाले, त्यांना पाणी हवंय, किंवा काहीच नकोय, नुसती नात हवीये.

गुलाबरावांनी उभी नोकरी नागपूरला गाड्यांची चाकं हातोडीने ठोकून पाहण्यात घालवली होती. चाक धड असलं की घंटेसारखं वाजतं, तडा गेलेला असला की फुटक्या मडक्यासारखं बोलतं. रिटायर होताना हातोडी रेल्वेकडे जमा झाली, सवय तेवढी घरी आली. कलिंगड, कुकर, भाड्याच्या घराचं दार, सगळं त्यांनी ठोकून घेतलं. मुलासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा गौतमीला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. पोह्यांची बशी तेवढी टक् करून पाहिली आणि होकार देऊन टाकला.

आता त्यांच्या यकृतात जे होतं ते ठोकून कळण्यापलीकडे गेलं होतं. डॉक्टरांनी मुलाला, संकल्पला, बाजूला घेऊन सांगितलं, की यापुढे इलाज आजाराचा नाही, दुखण्याचा. घरी ते दुखणं आवरणार नाही, शेवटच्या दिवसांत सांभाळणारं एखादं चांगलं हॉस्पिस पाहा. संकल्पने घरी येऊन तो शब्द उच्चारला तेव्हा गुलाबराव शांतपणे म्हणाले, "म्हणजे शेवटचं यार्ड. चालन. पण यार्ड मी पाहून घेईन."

पाहून घेण्यामागचं कारण कोणी बोलून दाखवलं नाही. सासूबाई लताबाई मोठ्या हॉस्पिटलात वारल्या तेव्हा गुलाबराव काचेच्या दाराबाहेर उभे होते. आत नळ्या दिसत होत्या, पाय दिसत होते, चेहरा दिसत नव्हता. काच त्यांनी ठोकली, तर वॉचमन रागावला होता. गौतमीला एवढंच हवं होतं, की या वेळी मध्ये काच नको. पण काच नसलेली जागा ओळखायची कशी, ते तिला माहीत नव्हतं, आणि चुकली तर परत निवडायला वेळ मिळणार नव्हता.

शहरातल्या सी-स्कीम भागातलं एक हॉस्पिस आधी पाहून झालं होतं. फोन करून गेल्यामुळे दारात फूल मिळालं, थंडगार सरबत मिळालं, आणि गुलाबरावांनी चकचकीत भिंतीवर टक् करून "पोकळ" असा शेरा दिला. भिंत खरोखरच प्लायवूडची निघाली. संकल्पचं म्हणणं पडलं, की बाबांना भिंतीत थोडंच ठेवायचंय.

"फोन केला तिथंच चुकलं," गुलाबराव म्हणाले. "जी.एम. येणार म्हटलं की आम्ही काय करत होतो? दगडाले चुना, कुंडीले गेरू. साहेब गेला की पुन्हा तेच. आता सांगून जायचं नाही. आणि पेशंट कोण आहे तेही बोलायचं नाही. कळलं की ते पेशंटशी गोड वागतीन."

सांगानेरचं हॉस्पिस पाहायला जायचं ठरलं त्या दिवशी संकल्पची ड्यूटी होती. तो गाडीवर गार्ड, रजा मिळेना. अबोलीला शाळेला सुट्टी, म्हणून ती बरोबर. गुलाबरावांनी इस्त्रीचा सफारी चढवला, बूट पुसले, गालांना नातीची पावडर लावली, आणि डोळ्यांचा पिवळेपणा दिसू नये म्हणून काळा गॉगल घातला. या सगळ्या तयारीत त्यांना मदत करता करता गौतमीचे स्वतःचे केस विंचरायचे राहिले. गेले कित्येक महिने तिची झोप अशीच राहून जात होती. रात्री टक् ऐकू आली नाही की ती उठून पाहायची, श्वास चालू आहे ना. ऐकू आली की पाणी द्यायला उठायची. अंगावरचा ड्रेस सैल झाला होता, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि केसांना अबोलीची फुलपाखराची क्लिप होती.

रिक्षा सांगानेरात शिरली तेव्हा रस्त्याच्या कडेला छापलेलं कापड वाळत घातलेलं होतं, लांबच लांब, वाऱ्यावर हळूच श्वास घेतल्यासारखं. ते पाहतानाच गौतमीला एक डुलकी लागून गेली.

'नीमछाया' नावाची ती बैठी इमारत होती. दारात जयंती सिस्टर भेटल्या, तिथल्याच, पन्नाशीच्या, पायात साध्या चपला. "पधारो सा. मरीज कौन हैं?"

"घर के ही हैं," गुलाबराव खणखणीत आवाजात म्हणाले आणि लगेच दाराची चौकट ठोकून पाहिली.

सिस्टरांनी गॉगलवाल्या रुबाबदार म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या, उभ्याउभ्या डोळे मिटत असलेल्या गौतमीकडे पाहिलं. आणखी काही विचारायची त्यांना गरज वाटली नाही. "आइए बाईसा," त्यांनी हलकेच गौतमीचा दंड धरला. "धीरे चलिए."

गौतमीला वाटलं, केवढ्या अगत्याच्या बाई.

एका रिकाम्या खोलीत पलंग होता, खिडकीत कडुनिंब होता. गुलाबरावांनी पलंगाचा पाय ठोकला, कान लावला, पुन्हा ठोकला. मग मराठीत हळूच म्हणाले, "बेटा, तू जरा लेटून पाह्य. लोड दिल्याबिगर कळत नाही. मी लेटलो तर यायले समजन."

गौतमी आडवी झाली. चादरीवर बारीक निळी फुलं छापलेली होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. टक्, सलाइनचा स्टँड. टक्, खिडकीचा गज. आवाज एकसारखा येत होता. म्हणजे बाबा आहेत, इथेच आहेत, उठून पाहायला नको. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या कानांना सुट्टी मिळाली. कोणीतरी तिच्या पावलांवर पांघरूण ओढलं. वरून विमान गेलं, पण तेसुद्धा पाय न वाजवता. मग पलंग हळूहळू चालू लागला, लांबच लांब वाळणाऱ्या कापडांमधून, निळ्या फुलांच्या शेतांतून, आणि खाली कोणीतरी एकेक चाक ठोकून सांगत होतं, चांगलं आहे, हेही चांगलं आहे, जाऊ द्या.

तिची गाडी अशी सुटली, आणि मागे काय झालं ते तिला नंतर कळलं, थोडं अबोलीकडून, थोडं सिस्टरांकडून. गुलाबरावांनी त्यातलं अवाक्षर कधी काढलं नाही.

सिस्टरांनी आवाज खाली आणला, पडदा ओढला आणि अबोलीला मांडीवर घेऊन माहिती विचारायला सुरुवात केली. मम्मी रात्री झोपतात का? नाही. जेवतात का? "मेरा बचा हुआ खाती है." कुठे दुखतं? "कमर में. रोज बोलती है, मेले गं बाई. मतलब मैं मर गई."

सिस्टरांनी अबोलीला जवळ घेतलं. पप्पा कुठे असतात? पप्पांचा नंबर हरवल्यावर सांगायचा म्हणून पाठ करून घेतलेला होता. आता कोणी हरवलं नव्हतं, पण सिस्टरांनी इतक्या प्रेमाने विचारलं की अबोलीने तो गाण्यासारखा म्हणून दाखवला.

संकल्प नुकताच गाडी घेऊन जयपूरला परतला होता. फोनवरच्या बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, आपकी पत्नी हमारे पास हैं, तकलीफ़ कुछ नहीं है, आराम से सो रही हैं, लेकिन ऐसे समय में पति पास हो तो अच्छा रहता है. त्यानंतर संकल्पने काय विचारलं ते त्याचं त्यालाही आठवत नाही.

इकडे गुलाबरावांची वेगळीच पंचाईत झाली. त्यांनी खुलासा केला तर इन्स्पेक्शन फुटणार. नाही केला तर सून पेशंट ठरणार. त्यांनी मनाशी हिशेब केला, की उठली की निघू, तोवर यांचं काम तरी दिसेल. पण सिस्टरांनी एक खुर्ची आणून थेट पलंगाला चिकटवून ठेवली, त्यांना खांदे धरून तीत बसवलं आणि गौतमीचा हात उचलून त्यांच्या हातात दिला.

"बेटी है?"

गुलाबरावांनी तो हात दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "हाँ."

"तो पकड़े रहिए. बोलना कुछ ज़रूरी नहीं. रोना हो तो चश्मा उतार लीजिए."

गॉगल काढणं शक्यच नव्हतं. म्हणून जे यायचं होतं ते गॉगलच्या खालून आलं, पावडर लावलेल्या गालांवरून, सफारीच्या कॉलरपर्यंत. सिस्टरांनी चहा आणून ठेवला, अबोलीला शिऱ्याची वाटी दिली आणि दार अर्धं उघडं ठेवून त्या निघून गेल्या. तिथून पुढे त्या खोलीत एकही टक् झाली नाही. ठोकायला हात मोकळा नव्हता.

संकल्प आला तो पांढऱ्या गणवेशात, हिरवी झेंडी काखेत तशीच. दारातून त्याने पाहिलं. बायको निळ्या फुलांखाली निपचित. बाप तिचा हात धरून बसलेला, गाल ओले. मुलगी कोपऱ्यात शिरा खातेय, आणि असल्या वेळी शिरा कशाचा, कोण जाणे. तो पलंगापाशी जमिनीवर बसला आणि रडत म्हणाला, "गौतमी, मले सांगितलं काहून नाही तू?"

पलंगावरून, खूप लांबून, उत्तर आलं. "पाचच मिनिटं. मग टाकते कुकर."

संकल्प रडायचा थांबला. त्याने बापाकडे पाहिलं. बापाने खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे पाहिलं. तेवढ्यात सिस्टर आल्या, आणि गौतमी केस सावरत उठून बसली. फुलपाखरू एका कानावर लोंबत होतं. पतीने पत्नीला विचारलं, तुले काय झालं? पत्नीने पतीला विचारलं, तुम्ही इथे कसे? सिस्टर तिघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

"तो फिर," त्या अखेर म्हणाल्या, "मरीज कौन हैं?"

गुलाबरावांनी गौतमीचा हात चादरीवर नीट ठेवला आणि गॉगल काढला. हळदीसारखे पिवळे डोळे त्या मंद उजेडातही लपेनात.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. "फिर तो आप गलत जगह बैठे हैं, बाबूजी."

"नहीं सिस्टर," गुलाबराव म्हणाले. "जगह सही थी."

गौतमी शरमेने लाल झाली होती. झोपून सगळ्या तपासणीचा विचका केला म्हणून ती माफी मागायला लागली. औषधं कधी देतात, रात्री कोण असतं, किती विचारायचं होतं, काहीच विचारलं नाही. गुलाबरावांनी हाताने थांबवलं. "तू झोपली, बेटा. घरी माह्या आवाजानं तुले झोप नाही, आन् इथं माह्याच आवाजात झोपली. तुह्यं इन्स्पेक्शन झालं."

"पण बाबा, पलंग?" संकल्पने विचारलं. "पलंग कसा आहे?"

"पलंगाचं हिलेच विचार. मी पाहिली ती खुर्ची." गुलाबरावांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं, पण ठोकलं नाही. "तुह्या मायपाशी बसाले मले कोणी खुर्ची नाही देल्ली. काचेबाहेर उभा होतो. इथं न मागता देतेत, आन् पलंगाले लावून देतेत. तुले बसाले बरी आहे. पाठ नाही दुखणार."

गुलाबराव उठले, आणि संकल्प त्या खुर्चीत बसला. झेंडी त्याने मांडीवर आडवी ठेवली. गौतमी पलंगावरून उतरली, आणि गुलाबराव बूट काढून, सफारीची घडी मोडू नये अशा बेताने तिच्या जागी आडवे झाले. सिस्टर चादर बदलायला निघाल्या, तर ते म्हणाले, राहू द्या, पोरीच्या झोपेनं गरम झालीय. त्यांनी डोळे मिटले. आज नुसतं बसूनच इतके थकले होते. सोमवारी सामान घेऊन यायचं, असं सिस्टर संकल्पला हळू आवाजात सांगत होत्या.

अबोली शिऱ्याची रिकामी वाटी घेऊन पलंगाजवळ आली. तिने बोटाचं पेर वाकवलं आणि आबाजी ठोकतात तसं वाटीवर टक् केलं. वाटी छान वाजली. आवाज खिडकीतून बाहेर गेला, कडुनिंबात शिरला, आणि ती बराच वेळ तिकडे कान लावून उभी राहिली. मग तिने गौतमीची ओढणी ओढली.

"आई, इथून आबाजींची टक् आपल्या घरी ऐकू येईल?"