तिसरी बोंब

बसा त्या स्टुलावर. चहा नंतर. आधी परवा ह्या स्वयंपाकघरात काय तमाशा झाला ते ऐका.

चाळीस वर्षं मी लोकांचे नळ दुरुस्त केले. शाळा चौथीत सुटली, पण पाइपाला कान लावला की कुठं गळतंय ते सांगतो. बायको गेल्यापासून एकटा राहतो, मजेत राहतो. घोर लागलाय तो लेकीला. तिनं भिंतीवर हा डोळा बसवला. माणूस इथं दहा मिनिटं हलला नाही, की हा तिकडं कुठल्यातरी कचेरीत बोंब मारतो. मग ह्याच्यातूनच एक बाई बोलते.

लेकीची अट एकच. "बाबा, तीन बोंबा झाल्या की ह्या घराला कुलूप. माझ्याकडं यायचं." तिच्याकडचा नळ नुसता हात दाखवला की चालू होतो. तिथं मी करू काय?

पहिली बोंब भाजी निवडताना डुलकी लागली म्हणून झाली. ती सोडा.

परवा बेसिनखाली गळायला लागलं. पाणी बंद करायचा कॉक गच्चीवर, आणि जिना चढायला लेकीची बंदी. म्हटलं, आपल्याला कॉक कशाला लागतो? शिरलो खाली उताणा. बॅटरी तोंडात धरली, नट सोडवला, भोकावर अंगठा दाबला. अन् वॉशर राहिला वर ओट्यावर! अंगठा काढला तर कारंजं. पडून राहिलो विचार करत.

डोळा बोलला. "आजोबा, तुम्ही ठीक आहात का?"

"अँ अँ अँ," मी म्हणालो. बॅटरी तोंडात.

"आजोबा, उजवा हात वर करता येतोय का?"

उजव्याच हाताचा अंगठा! "अँ हँ!"

"बोलता येत नाही, हात उचलत नाही," बाई कुणालातरी सांगत होती. "लगेच गाडी पाठवा."

दाराला कडी नव्हती. दोन पैलवान स्ट्रेचर घेऊन आले, मागून लेक, ऑफिसच्या कपड्यात, रडत. पैलवानांनी माझे पाय धरले आणि बुचासारखं उपटून काढलं. पुढचं काय सांगू? एक पैलवान भिंतीला जाऊन चिकटला, दुसरा कपाळावरून पाणी निथळत माझी नाडी बघत बसला.

बॅटरी थुंकून मी ओरडलो, "अरे, मी मरत नाहीये, पाइप मरतोय!"

आणि माझी लेक, ऐका हं, पर्स फेकून खाली शिरली अन् अंगठा बरोबर जागेवर लावला. प्लंबरची पोर ती. पैलवान गच्चीवर पळाला, पाणी बंद झालं.

मी म्हटलं, "झकास लावलास." ती भिजल्या तोंडानं म्हणाली, "बाबा, ही दुसरी. आता प्लंबर बोलवा."

प्लंबरला प्लंबर! मेल्यावर बोलवीन.

त्या गडबडीत बसवलेला वॉशर जुनाच होता. काल रात्रभर टप टप चालू होतं. नवा आणलाय मी. गच्चीवरचा कॉकही सकाळीच बंद करून आलोय, हे तिला बोलू नका. काम पंधरा मिनिटांचं आहे. पण गुडघा पूर्वीसारखा राहिला नाही, उठायला दहा मिनिटं वेगळी.

तर एवढं करा माझ्यासाठी. मी खाली शिरलो की तुम्ही त्या डोळ्यासमोर येरझाऱ्या घाला. आणि जरा लंगडत चाला.