चाळीस टक्क्यांवरचा मुक्काम

नव्या शाळेचे नकाशे पाचच्या आत पोहोचले नाहीत तर काम दुसऱ्याकडे जाणार, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. लॅपटॉपला नव्हतं. फाइल चाळीस टक्क्यांवर पोहोचली की वायफाय मान टाकायचं. सकाळपासून तीनदा टाकून झाली होती.

भावजी धावून आले. घरात कंप्यूटरच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. पहिला त्यांना कुणी विचारत नसे, तरी ते देत. त्यांनी बातम्यांचं पान उघडून दाखवलं. "हे बघा, पळतंय की. तुम्हीच घाई करता, वहिनी."

"रिकामी हातगाडी कुणीही ढकलतं, भावजी. साठ नकाशे आहेत."

भावजींनी भिंतीला दोष दिला, म्हणून टेबल स्वयंपाकघरात गेलं. मग फ्रिजला दिला, टेबल गॅलरीत गेलं. सासूबाईंची मालिका बंद करवली, मोठ्या भावाचा फोन काढून घेतला. दर मुक्कामी भावजी बातम्यांचं पान उघडत, समाधानाने मान डोलावत, आणि फाइल चाळीसवर आडवी होई. साडेचारला त्यांनी निदान केलं की नकाशेच जड काढले आहेत.

शनिवारपर्यंत याहून मोठ्या फाइली याच घरातून गेल्या होत्या.

"भावजी, रविवारी तुम्ही याला हात लावला होतात ना?"

"छे, काही नाही. वायफायचा ड्रायव्हर तेवढा नवा टाकला. जुना शिळा झाला होता."

ड्रायव्हर म्हणजे वायफायला हाकणारा प्रोग्राम. शिळा निमूट ओझी वाहत होता. नवा नुसता मिरवायच्या लायकीचा. वहिनीने सेटिंगमध्ये शिरून जुन्याला परत बोलावलं. फाइल पाचला सात मिनिटं कमी असताना पोहोचली. धाकटा घरात होता म्हणून निभावलं, असं सासूबाई म्हणाल्या. भावजींनी ते नम्रपणे स्वीकारलं.

तेवढ्यात त्यांच्या साहेबांचा फोन आला. सोमवारी भावजींनी ऑफिसातल्या बाराही लॅपटॉपवर तोच ड्रायव्हर टाकला होता, आणि आता एकही मोठी फाइल बाहेर पडत नव्हती. भावजींनी दोनदा घसा खाकरला आणि फोन गुपचूप वहिनीच्या हातात दिला.

काय काय दाबायचं ते तिने सांगितलं. साहेब खूश झाले. "तरी हे म्हणतच होते, घरी एक मदतनीस शिकवून तयार केलीय. त्या तुम्हीच का?"

वहिनीने भावजींकडे पाहिलं. ते अत्यंत बारकाईने खिडकीबाहेर बघत होते.

"हो, मीच," ती म्हणाली. "काय काय करायचं नाही, ते सगळं त्यांनीच शिकवलंय."