बिरूतात्यांचं गोखरू

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. नाहीतर बिरूतात्यांच्या गमती सांगता सांगता ते राहून जाईल.

तात्या सांगलीत आमचे शेजारी. घराणं मेंढपाळांचं, नोकरी फौजेच्या दवाखान्यात, रक्त-थुंकी तपासायच्या खोलीत. निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात कायम एक लोकरीचा पुंजका आणि एक काटेरी गोखरू असायचं. न्हाव्याकडे, रिक्षात, एकदा तर कुणाच्या बाराव्यालाही ते बाहेर निघालं.

"बघ गड्या, विषाणूला हात न्हाई, पाय न्हाई. अंगावर प्रथिनांचं काटं तेवढं." गोखरू लोकरीत रुतायचं. "आता हेच म्हशीला लाव. चिकटतंय? न्हाई. तसंच, ज्या पेशीवर काटा बसंल तिलाच त्यो धरणार. मग पेशीच त्याला आपला समजून आत घेती. दार फोडावं लागत न्हाई."

"तात्या, म्हस आणू का?" रिक्षावाले विचारायचे.

"आण की. तुझ्यापरीस लवकर शिकंल."

कोरोनात त्यांनी उंबऱ्याबाहेर खुर्ची मांडली. कुणीही आलं तरी तिथंच बसायचं. घरात त्यांच्या बायकोला, काकूंना, दमा होता.

त्या दिवसांत मी बिरोबाच्या देवळात जाऊन आलो. अंग तापलं होतं. प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिलं. देवाचा भंडारा दारात ठेवून जायचा नसतो, कपाळाला लावायचा असतो. तात्या बाजारात गेले होते.

"आवं काकू, देवाची हळद ही. हिला कसला विषाणू?" म्हणत मी आत शिरलो. काकू हसल्या आणि कपाळ पुढं केलं.

पंधरा दिवसांत त्या गेल्या.

"बाजारातनं कोरोना मीच आणला," तात्या भेटेल त्याला सांगत. मी ते काही वर्षं ऐकून घेत राहिलो. गोखरू पुन्हा खिशातून निघालं नाही. रिक्षावाल्यांनीही म्हशीचं विचारणं सोडलं.

परवा त्यांच्यापुढं जाऊन बसलो. "तात्या, भंडारा घेऊन आलो तवा मला ताप व्हता."

"ठावं हाय. घरी आलो तर तिच्या कपाळावर हळद. दिवस मोजता येत्यात मला."

"मग सगळ्यांस्नी तसं का सांगितलं?"

"तुझ्या दारात कोण आलं असतं रं? पोरीचं लगीन व्हायचं हुतं तुझ्या." मग म्हणाले, "आन् लय दिवसांनी कुणीतरी घरात आलं म्हणून ती खूश हुती. मी तिला चार महिनं माणूस बघू दिलं नव्हतं."

मी त्यांचे पाय धरले. "काकूंस्नी सांगायला पायजे व्हतं, अंगात ताप हाय म्हणून. न्हाई सांगितलं. चुकलो, तात्या. मला माफ करा."